चित्राला साजेशी चौकट कशी निवडावी? (घरासाठी आणि वर्गासाठी)



चित्रकला स्पर्धेचा निकाल लागला की शाळेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पहिलं आलेलं चित्र फ्रेम करून आणा, ऑफिसात लावू." घरीही तेच. मुलाचं चित्र आवडतं, बाबा त्याची गुंडाळी करून दुकानात नेतात आणि दुकानदार विचारतो, "पट्टी कोणती लावू?" समोर टांगलेल्या नमुन्यांतली सगळ्यात चकचकीत, बहुतेक वेळा सोनेरी, पट्टी निवडली जाते. दोन मिनिटांचं काम. पण चित्र दहा वर्षं टिकणार की दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशी धरणार, पाहणाऱ्याचं लक्ष चित्राकडे जाणार की पट्टीकडे, आणि मुख्य म्हणजे चित्र पूर्ण दिसणार की त्याचा काठ कापला जाणार, हे सगळं त्या दोन मिनिटांत ठरून जातं.

माझं मत आधी सांगते, कारणं मागून देते. चौकट ठरवताना पहिल्यांदा चित्राकडे बघायचं, मग भिंतीकडे, आणि दुकानातल्या नमुन्यांकडे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हे बरोबर उलट्या क्रमाने चालतं.

आधी माप, आणि काठाला हात नको

तयार फ्रेम इंचाच्या मापात मिळतात. ८ × १०, ८ × १२, १० × १२, १२ × १८ वगैरे. मुलांचा कागद मात्र सेंटिमीटरमधला. ए-फोर कागद २१ × २९.७ सेंमी असतो. ८ इंच म्हणजे २०.३ सेंमी. म्हणजे ८ × १२ च्या तयार फ्रेममध्ये ए-फोर कागद रुंदीला सुमारे ७ मिलिमीटरने बसतच नाही. शिवाय काच अडकवायला पट्टीला आतून खाच असते आणि तिचा पुढचा ओठ चित्राच्या चारही कडांवर साधारण अर्धा सेंटिमीटर चढतो. दुकानातला माणूस मग काय करतो? लोखंडी पट्टी ठेवतो, कटर घेतो आणि सर्रकन कड उडवतो. त्याच्या लेखी तो काठचा कागद असतो, दुसरं काही नाही.

मुलांच्या चित्रात मात्र काठावरच बरंच काही घडत असतं. डी.एड.ला बालचित्रकलेच्या अवस्था शिकताना व्हिक्टर लोवेनफेल्ड हे नाव आपण सगळ्यांनी पाठ केलंय. त्यांचं मुलांच्या चित्रकलेवरचं प्रसिद्ध पुस्तक १९४७ सालचं. साधारण सात ते नऊ वर्षांची मुलं जमिनीची एक रेघ मानतात आणि सगळ्या वस्तू त्या रेघेवर उभ्या करतात, हे त्यांनी सांगितलं. आपल्या वर्गात पाहा ना. पुष्कळदा कागदाची खालची कड हीच जमीन असते. गवताचे तुरे थेट तिथून उगवतात. वरच्या कडेला निळी पट्टी असते, ते आभाळ. मधली जागा रिकामी, कारण मुलाच्या मते आभाळ वर असतं, इथं खाली नसतं! आता ही वरची पट्टी एक सेंटिमीटर कापली तर आभाळ गेलं आणि खालची कापली तर झाडांचे पाय गेले.

आमच्या चौथीतल्या एका मुलीने आठवडे बाजाराचं चित्र काढलं होतं. मध्ये भाजीवाल्या, वर ताडपत्र्या, आणि उजव्या कडेला अगदी चिकटून एक अर्धीच बाई. एक हात, पिशवी आणि लुगड्याचा काठ, एवढंच. ती तिची आजी. आजी आत्ता कुठं बाजारात शिरत होती, म्हणून अर्धी. चौथीच्या मुलीला हे सुचणं किती मोठी गोष्ट आहे! प्रदर्शनासाठी ते चित्र फ्रेम करून घेणाऱ्यांना तयार फ्रेम थोडी लहान पडली, आणि उजवी कड कापली गेली. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या, आणि ती काचेला नाक लावून विचारत होती, "बाई, माझी आजी कुठंय?" कापलेली चिंधोटी दुकानाच्या केरात गेली होती. पुढे तिने तेच चित्र पुन्हा काढलं. त्यात आजी मधोमध, सगळीच्या सगळी उभी आहे. काठावर मात्र तिने काही काढलेलं नाही.

म्हणून चित्र दुकानात देताना तोंडी सांगून भागत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने मोठ्या अक्षरात "कापू नये" असं लिहा. चित्राची लांबी-रुंदी घरी मोजून चिठ्ठीवर न्या आणि फ्रेम परत घेताना पुन्हा मोजा. फ्रेम चित्रापेक्षा मोठी निघाली तर चालते, उरलेली जागा माउंट भरून काढतो.

माउंट, आणि त्यातलं गणित

चित्र आणि पट्टी यांच्यामध्ये जो जाड कागदाचा रुंद समास दिसतो तो माउंट. अनेकांना तो फुकटचा खर्च वाटतो. पण त्याची कामं दोन आहेत. एक डोळ्यांचं: चित्राभोवती थोडी मोकळी जागा मिळाली की ते भिंतीच्या रंगापासून, शेजारच्या कॅलेंडरपासून सुटं होतं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: काच चित्राला चिकटू न देणं. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला ओल धरते. जलरंगाचं चित्र काचेला टेकलेलं असेल तर तिथं डाग पडतो, मग बुरशी. तैलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल, तर पूर्ण वाळतच नाहीत. काच काढायला जाल तर अर्धं चित्र काचेवर येईल.

नेहमीचा माउंट खिडकीसारखा कापतात आणि तो चित्राच्या कडा तीन-चार मिलिमीटर झाकतो. मोठ्यांच्या चित्राला ठीक आहे. काठापर्यंत रंगवलेल्या मुलांच्या चित्राला मी दुसरी पद्धत सुचवेन. माउंटचा अख्खा कागद मागे ठेवायचा, त्यावर पूर्ण चित्र बसवायचं, आणि पट्टीच्या ओठाखाली लपतील अशा पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या चारही बाजूंनी लावून काच वर उचलून धरायची. दुकानदाराला हे समजावून सांगावं लागतं, पण अवघड काही नाही.

आता चौथी-पाचवीच्या गणिताच्या तासाला घेता येईल असा भाग. ग्रेड परीक्षेमुळे ओळखीचा झालेला पाव इम्पिरियल कागद घ्या, साधारण २८ × ३८ सेंमी, उभा. डावीकडे, उजवीकडे आणि वर ६ सेंमी समास सोडा, खाली ८. (चारही बाजू सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. मुलांना दोन्ही प्रकारे ठेवून दाखवा, त्यांना लगेच कळतं.) बाहेरचं माप झालं ४० × ५२ सेंमी. चित्राचं क्षेत्रफळ १०६४ चौ. सेंमी, काचेचं २०८०. म्हणजे समास बारीक दिसतो खरा, पण काच जवळपास दुप्पट लागते! मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण "थोडीशी जास्त" म्हणतील.

पट्टीचा हिशेब दुकानात फुटावर होतो, म्हणजेच परिमितीवर. ४० × ५२ ची परिमिती १८४ सेंमी. मग १८४ सेंमी पट्टी पुरेल का? पुरत नाही. कोपऱ्यावर पट्टीची दोन टोकं ४५-४५ अंशांत कापून जोडतात, तेव्हा ९० अंशांचा काटकोन होतो. या तिरक्या कापामुळे प्रत्येक तुकडा बाहेरच्या कडेने जास्त लांब लागतो. पट्टी अडीच सेंमी रुंद असेल तर प्रत्येक तुकड्याला ५ सेंमी, चार तुकड्यांना २० सेंमी. एकूण साधारण २०४ सेंमी, म्हणजे पावणेसात फूट, दुकानदार सात धरतो. उदाहरणापुरता फुटाला ६० रुपये भाव धरला तर ४२० रुपये. माउंट न लावता तेच चित्र पाच फुटांत, ३०० रुपयांत बसलं असतं. वरचे १२० रुपये, शिवाय जास्तीची काच, ही त्या मोकळ्या जागेची किंमत. द्यायची की नाही, हे मुलांनाच ठरवू द्या, वाद घालू द्या. घोटीव कागदाच्या पट्ट्या कापून कोपरे जुळवायला दिले की "बाहेरची बाजू जास्त लांब का?" याचं उत्तर मुलं हातानेच शोधतात. फळ्यावर मी कितीही आकृत्या काढल्या तरी ते तसं कळत नाही.

दिसत नाही ते

चौकट निवडताना आपण समोरून बघतो आणि चित्राचा घात मागून होतो. मागे रद्दी पेपर घालून हार्डबोर्ड ठोकणं ही सर्रास पद्धत. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा, तो पिवळा पडतो, त्यात आम्ल तयार होतं आणि ते हळूहळू चित्राच्या कागदात उतरतं. वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. वर्तमानपत्राचा तुकडा आणि चित्रकलेच्या वहीचा तुकडा, दोन्ही अर्धे पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि महिन्याने पुठ्ठा काढा. त्याच वेळी शेजारी स्केचपेनच्या रेघा ओढलेला कागद ठेवलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. स्केचपेनचे रंग उन्हाने पटकन उडतात, काचेमागे ठेवले तरी. अशा चित्राची चौकट खिडकीसमोर कधीच नको, आणि फ्रेम करण्याआधी चित्राचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

चित्र मागच्या पुठ्ठ्यावर फेविकॉल फासून पूर्ण चिकटवलेलं असेल तर ते परत सुटत नाही आणि कागदाला सुरकुत्या येतात. फक्त वरच्या कडेला, मागून, पातळ कागदाचे दोन छोटे तुकडे कणकेच्या खळीने लावायचे. दोरीवर कपडा वाळत घालतो तसं चित्र लटकलं पाहिजे, म्हणजे दमट हवेत कागद फुगला-आकसला तरी त्याला जागा मिळते. खळ अगदी थोडी लावा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर कसर लागते. लॅमिनेशनचं विचाराल तर मी नको म्हणेन. उष्णतेने मेणखडू आणि तैलखडू वितळतात, आणि एकदा प्लॅस्टिकमध्ये बंद झालेलं चित्र पुन्हा चित्र म्हणून हाती लागत नाही.

काच की अ‍ॅक्रिलिक? दोन मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला पाच किलो भरते. आपल्या ४० × ५२ च्या फ्रेममधली काच म्हणजे सुमारे एक किलो, पट्टी आणि पुठ्ठा वेगळा. शाळेच्या भिंतीचा गिलावा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, खिळा ठोकताना निम्मा हातात येतो. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांच्या डोक्यावर काच टांगू नये असं मला वाटतं. अ‍ॅक्रिलिकचं वजन निम्म्याच्या आसपास आणि फुटलं तरी तसे धारदार तुकडे होत नाहीत. ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून मऊ सुती कापडानेच पुसायचं. कोळसा किंवा कोरड्या खडूच्या चित्राला अ‍ॅक्रिलिक चालत नाही. पुसताना त्यात वीज निर्माण होते, केसांवर घासलेल्या कंगव्यासारखी, आणि खडूची भुकटी वर ओढली जाते. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला किंवा अ‍ॅक्रिलिक रंगांच्या चित्राला काचच नको, नुसती पट्टी पुरे.

पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. दुसरी भिंत नसेल तर खालच्या दोन कोपऱ्यांत मागून रबराचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.

रंग आणि रुंदी

इथं नियम सांगणं कठीण, उदाहरणं सांगते.

वारली चित्र घ्या, कारण ते प्रत्येक शाळेत असतंच. गेरूच्या किंवा शेणाच्या रंगावर पांढऱ्या रेषा. त्याला लोक पांढराशुभ्र माउंट लावतात, आणि मग डोळा आधी त्या माउंटच्या पांढऱ्याकडे जातो, तांदळाच्या पिठासारख्या त्या नाजूक रेषा फिक्या पडतात. त्याला मातकट किंवा बदामी माउंट आणि अरुंद, गडद, बिननक्षीची लाकडी पट्टी लावून बघा. मुळात ही चित्रं झोपडीच्या भिंतीवरची. लग्नात सवाशिणी भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात मधोमध पालघट देवी आणि तिच्याभोवती नक्षीदार किनारींचा चौकोन असतो. म्हणजे चौकट चित्रातच आहे! तिच्याभोवती आपण सोनेरी वेलबुट्टी ठोकायची म्हणजे लुगड्याच्या काठाला दुसरा काठ शिवण्यातला प्रकार. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत सोडून कागदावर आल्यामुळेच तर या चित्राला आता फ्रेमचा प्रश्न पडतो, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

राजस्थानी किंवा मुघल लघुचित्रांच्या छापील प्रती आपण आणतो, त्यांच्याभोवतीही चित्रकारांनी रंगवलेला हाशिया असतो. माउंटने तो झाकला की चित्राचा तुकडाच गेला.

भडक, गजबजलेल्या चित्राला शांत पट्टी हवी हे तर उघड आहे. पण फिक्या, हलक्या जलरंगाला जाड काळी पट्टी लावली तर तीही अंगावर येते. मी असं करते: चित्रात सगळ्यात जास्त दिसणारा रंग बाजूला ठेवते आणि थोडाच, पण चार ठिकाणी आलेला रंग शोधते. झाडाच्या खोडाचा तपकिरी, कौलाचा विटकरी. पट्टी त्या रंगाच्या जवळची, माउंट चित्राच्या कागदापेक्षा किंचित गडद पांढरा. बहुतेक वेळा जमतं.

सोन्याची पट्टी कायमच वाईट, असं मात्र नाही. आजोळच्या माजघरातल्या देवादिकांच्या तसबिरी आठवा. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. कंदिलाच्या उजेडात त्या चित्रांभोवतीची सोनेरी कड चमकत असेल तेव्हा ती शोभतच असणार. या तसबिरी उंचावर, वरून पुढे झुकलेल्या अशा टांगत, म्हणजे खाली पाटावर बसलेल्यालाही दिसत. आणि मागच्या फटीत चिमणी घरटं करायची, तो भाग वेगळा!

चौकटीचा विचार खुद्द चित्रकारही करतात. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचं १८८७ सालचं फळांचं एक चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. त्यात सगळी पिवळी फळं, आणि लाकडी चौकटही त्यांनी स्वतःच पिवळ्या रंगाने रंगवली. चित्र कुठं संपतं आणि चौकट कुठं सुरू होते ते क्षणभर कळत नाही. आंतरजालावर ते मुलांना दाखवा आणि विचारा, ही चौकट काळी असती तर?

दुकानात जाण्याआधी घरीच करून बघायची एक युक्ती. जुन्या लग्नपत्रिकांच्या किंवा कॅलेंडरच्या जाड कागदातून काटकोनात वळलेले, बैलगाडीच्या जुवासारखे नाही तर गवंड्याच्या गुण्यासारखे, दोन तुकडे कापा. ते समोरासमोर ठेवले की हवी तेवढी मोठी चौकट तयार होते. पांढरा, काळा, तपकिरी, सोनेरी अशा चार जोड्या करा. मुलं त्या चित्रावर सरकवत बसतात आणि पाच मिनिटांत "बाई, काळ्यात रात्र झाल्यासारखी वाटते" असं काहीतरी बोलून जातात. दुकानदारासमोर आपल्याला जे सुचत नाही ते त्यांना सुचतं.

कोणाचं चित्र, किती उंचीवर

ऑफिसात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लावलेलं चित्र मुलं बघतात कधी? कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंमीवर ठेवतात, ती उंची मोठ्या माणसाच्या डोळ्यांची. पहिलीतलं मूल स्वतःच जेमतेम ११०-११५ सेंमी उंच असतं. त्यामुळे वर्गातल्या चौकटींचा मध्य मी एक मीटरच्या थोडा वर ठेवते. पाहुण्यांना वाकावं लागतं, वाकू देत.

आणि एकाच चित्राला ४२० रुपयांची फ्रेम करून ते दहा वर्षं टांगण्यापेक्षा, त्याच पैशांत दोन साध्या चौकटी करून घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅक्रिलिकच्या, वरची बाजू उघडी, म्हणजे चित्र वरून सरकवून घालता येतं. चित्र दर सोमवारी बदलायचं, नंबर हजेरीपटाप्रमाणे. चित्रकलेत पहिल्या येणाऱ्या मुलाचाही नंबर येतो आणि ज्याने आजवर नुसते डोंगर-सूर्य काढलेत त्याचाही. तीस पटाच्या वर्गात दोन चौकटींमध्ये पंधरा आठवड्यांत सगळ्यांची चित्रं लागून होतात. आपल्या चित्रामागे कोणत्या रंगाचा माउंट घालायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, तीन रंगांचे कागद तयार ठेवायचे. एरवी गप्प बसणारी मुलं या निवडीला फार वेळ लावतात. लावू द्यावा.

चित्र काढून घेताना मागच्या बाजूला पेन्सिलीनेच लिहा, पेनाची शाई पुढे उतरते. नाव, इयत्ता, तारीख, आणि चित्रात काय चाललंय ते मुलाच्याच शब्दांत, एका ओळीत.